शहाजोग हुंडी ते डेबिट कार्ड : कोल्हापुरातील बँकग्राहक आणि पुराव्याचा भार

प्रस्तावना

दिनांक ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या डेबिट कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतील एटीएममधून आणि भारतातील काही शहरांतून कोट्यवधी रुपये काढण्यात आले. त्यांपैकी ८९ लाख ४७ हजार रुपये एकट्या कोल्हापूर शहरातील विविध एटीएममधून निघाले आणि त्यासाठी ९५ बनावट कार्डे वापरली गेली, असे पोलीस तपासात पुढे आले. या घटनेवर आजवर जे लिहिले गेले ते मुख्यत्वे संगणक सुरक्षेच्या अंगाने लिहिले गेले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. पैसे देणाऱ्याने चुकीच्या माणसाला पैसे दिले, तर नुकसान कोणी सोसावयाचे आणि ती चूक कोणी सिद्ध करावयाची? हा प्रश्न हुंडीच्या काळी होता, धनादेशाच्या काळी होता आणि कार्डाच्या काळीही आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी वेगळे दिले गेले. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या संदर्भात या उत्तरांचा मागोवा घेतला आहे.

हुंडी, धनादेश आणि ओळखीचा प्रश्न

कोल्हापूर हे व्यापारी पेठेचे गाव आहे. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला तेथे स्थिर ठिकाण मिळाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९१३ मध्ये, कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली. पुढे १९४३ मध्ये रत्नाकर बँक येथेच सुरू झाली. नागरी सहकारी बँकांचे दाट जाळे असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत कोल्हापूरची गणना होते, त्याची मुळे या काळात आहेत. या संस्थांच्या आधी व त्यांच्या बरोबरीनेही पेठांमधला पैशाचा व्यवहार पेढ्यांवर आणि हुंड्यांवर चालत असे.

हुंडीच्या प्रकारांपैकी ‘शहाजोग’ हुंडी या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ही हुंडी कोणाही धारकाला देय नसे. ‘शहा’ म्हणजे पेठेत पत असलेला व्यापारी, आणि अशा शहामार्फत ती आली तरच पैसे द्यावयाचे, असा रिवाज होता. हुंडी चोरीची अथवा बनावट निघाली, तर ज्या शहाने पैसे घेतले त्याने ते व्याजासह परत करावयाचे किंवा खरा गुन्हेगार हजर करावयाचा. पैसे देणाऱ्याचे कामही सोपे नव्हते. समोर आलेला माणूस खरोखर शहा आहे की नाही, याची खात्री करण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. हुंडी हरवली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची सोय होती. थोडक्यात, हरवण्याचा आणि चोरीचा विचार त्या व्यवस्थेने आधीच करून ठेवला होता. त्यातील जोखीम पेठेतल्या दोन पतदार माणसांमध्ये वाटली गेली होती आणि ज्याने मुळात पैसे ठेवले त्याच्याकडे पुरावा मागण्याचा प्रसंग सहसा येत नसे. (मराठीत ‘शहाजोग’ या शब्दाला आज साळसूदपणाचा, वरवरच्या सभ्यतेचा अर्थ आला आहे. शब्दाची ही घसरण केव्हा व कशी झाली, हा भाषेच्या अभ्यासकांचा विषय आहे. पण पेठेतल्या प्रत्येक शहाने आपली जबाबदारी पाळलीच असेल असे नाही, एवढी सूचना त्यात नक्कीच आहे.)

१८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने धनादेशाला निश्चित चौकट दिली. खातेदाराची सही हा बँकेला मिळालेला आदेश. सही बनावट असेल तर आदेशच अस्तित्वात नाही आणि आदेश नसताना बँकेने दिलेले पैसे हे बँकेचेच पैसे होत, हे या व्यवस्थेतील मूळ तत्त्व. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात ते नि:संदिग्धपणे मांडले. एका कंपनीच्या हिशेबनिसाने ४२ धनादेशांवर खोट्या सह्या करून सुमारे ३ लाख २६ हजार रुपये काढले होते. कंपनीने वर्षानुवर्षे पासबुक तपासले नाही, म्हणून तिने हरकतीचा हक्क गमावला, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. पासबुक बारकाईने तपासून खोट्या सह्या शोधून काढण्याचे कर्तव्य कायदा ग्राहकावर टाकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालामागे शाखेतील रोजचा व्यवहार उभा होता. काउंटरवरचा कारकून नमुना सहीचे कार्ड काढून धनादेशावरील सहीशी ताडून पाहात असे. शंका आली तर खातेदाराला बोलावून घेत असे. छोट्या शहरातील सहकारी बँकेत तर तो खातेदाराला चेहऱ्याने, अनेकदा घराण्याने ओळखत असे. या ओळखीचे तोटेही होते. ज्याला कारकून ओळखत नसे, त्याला कर्ज तर सोडाच, स्वत:चे पैसे काढायलाही खेटे घालावे लागत. त्यामुळे जुन्या शाखेचे सोनेरी चित्र रंगविण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, ओळख पटविणे हे बँकेचे काम होते आणि ते चुकले तर नुकसानही बँकेचे होते.

चुंबकीय पट्टी आणि पिनचे गृहीतक

पैसे देणारे यंत्र लंडनजवळच्या एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी सुरू केले. भारतात पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने बसविले. पुढच्या दोन दशकांत ते जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले आणि त्यानंतर सहकारी बँकांनीही कार्डे देण्यास सुरुवात केली. २०१२ मध्ये रुपे हे देशी कार्डजाळे आले, तेव्हा लहान बँकांना ही वाट अधिक सुलभ झाली.

कार्डाने ग्राहकाची मोठी सोय केली, हे निर्विवाद आहे. गूळ घेऊन आलेल्या शेतकऱ्याला किंवा गांधीनगरच्या कापडबाजारात खरेदीस आलेल्या व्यापाऱ्याला बँकेची वेळ सांभाळण्याची गरज उरली नाही. पण त्याचबरोबर, फारशी चर्चा न होता, एक कायदेशीर पालटही घडला. सहीच्या जागी पिन आला. सही ताडून पाहणारा माणूस गेला आणि ‘पिन बरोबर असेल तर व्यवहार खातेदाराचाच’ हे गृहीतक आले. कार्डासोबत मिळणाऱ्या बारीक अक्षरांतील अटींत ते लिहिलेले असे. वरवर पाहता हे गृहीतक वाजवी वाटते. परंतु त्याचा परिणाम असा की, ओळख पटविण्यातील चुकीचा भार बँकेवरून ग्राहकावर गेला. ‘मी पैसे काढले नाहीत’ हे नकारात्मक विधान ग्राहकाने सिद्ध करावयाचे होते आणि त्यासाठी लागणारा प्रत्येक पुरावा बँकेच्या ताब्यात होता. यंत्राची नोंद, कॅमेऱ्याचे चित्रण, स्विचमधील संदेश यांपैकी एकही ग्राहकाच्या हाती नसे. एटीएम दुसऱ्याच बँकेचे असेल तर यातले बरेचसे त्याच्या स्वत:च्या बँकेकडेही नसे.

न्यायिक यंत्रणेनेही हे गृहीतक काही काळ मान्य केले. भारतीय स्टेट बँकेच्या एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २०११ मध्ये ग्राहकाच्या विरोधात निर्णय दिला. कार्ड ग्राहकाजवळ होते, पिन त्यालाच ठाऊक होता, तेव्हा या दोहोंशिवाय पैसे निघणे शक्य नाही, अशी त्यातील विचारसरणी होती. १९८७ चा निकाल आणि हा निर्णय शेजारी ठेवून वाचले, तर चोवीस वर्षांत ग्राहकाची जागा किती बदलली ते ध्यानात येते.

महाराष्ट्रात या विचाराला छेद देणारे काही आदेश माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली निघाले. या कायद्यानुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे निवाडा अधिकारी असतात. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रकमेची फसवणूक झाली होती. त्या प्रकरणी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. फसव्या ईमेलला उत्तर देण्यात तक्रारदाराचीही चूक होती, हे मान्य करूनही बँकेच्या निष्काळजीपणाचे मोल स्वतंत्रपणे ठरविले गेले, हे या आदेशाचे वैशिष्ट्य. मात्र हे न्यायासन मंत्रालयात, म्हणजे मुंबईत होते. दहा-वीस हजार रुपये गेलेल्या कोल्हापूरच्या ग्राहकाला ते असून नसल्यासारखेच होते.

पिनच्या गृहीतकाला खरा धक्का ऑक्टोबर २०१६ मध्ये बसला. एटीएमची सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्याने सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. एकट्या स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डे बंद केली. या ग्राहकांनी पिन कोणाला सांगितला नव्हता, कार्ड हरवले नव्हते. त्यांनी केवळ एका एटीएममध्ये कार्ड घातले होते. प्रत्यक्ष गैरव्यवहाराच्या तक्रारी त्या मानाने थोड्या, ६४१ ग्राहकांच्या आणि सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांच्या होत्या. तरीही पुष्कळांना आपले कार्ड बंद झाल्याचे यंत्रासमोर उभे राहिल्यावरच कळले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी जाहीर झाली आणि ज्या एटीएमवर नुकताच संशय घेतला गेला होता त्यांच्यासमोरच रांगा लागल्या. त्या गदारोळात कार्डांचा प्रश्न मागे पडला.

११ ऑगस्ट २०१८

कॉसमॉस बँकेची स्थापना १९०६ ची. तिच्यावरील हल्ल्याचा दिवस विचारपूर्वक निवडलेला दिसतो. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यातच त्या दिवशी आषाढ अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी श्रावण सुरू होत होता. बाजारात वर्दळीचा दिवस, आणि बँकेत कोणी नाही. २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवरील हल्लाही तेथील साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावरच झाला होता.

हल्ल्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण लेखाचा मुख्य मुद्दा तिच्याशी निगडित आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा कार्डजाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेच्या ‘स्विच’कडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य खातेप्रणालीकडे नेतो, शिल्लक तपासली जाते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत येते. हल्लेखोरांनी या मार्गात स्वत:चा बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेल्या विचारणा खातेप्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट स्विचने परस्पर ‘द्या’ असे उत्तर दिले. परदेशांत व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी रुपये आणि भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर वळविण्यात आले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. देशातून निघालेल्या अडीच कोटींपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम कोल्हापुरातील होती. सरासरी काढली तर येथे प्रत्येक बनावट कार्डावर ९४ हजारांच्या आसपास रक्कम निघाली.

खातेप्रणालीला विचारलेच गेले नसल्यामुळे खातेदारांच्या खात्यांना हात लागला नाही. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, असे बँकेने लगेच जाहीर केले आणि ते खरे होते. ज्या एटीएमनी नोटा दिल्या त्यांच्या बँकांना जाळ्यामार्फत पैसे मिळाले आणि ते कॉसमॉस बँकेच्या नावे वसूल झाले. नियमाप्रमाणे व्यवहार ‘मंजूर’ होता. मंजुरी आपण दिलीच नाही, असे बँकेचे म्हणणे होते. परंतु यंत्राच्या नोंदीत मंजुरी होती.

येथे थोडे थांबणे गरजेचे आहे. ‘व्यवहार मी केला नाही, पण नोंद म्हणते मी केला’ ही स्थिती डेबिट कार्डाच्या सामान्य ग्राहकाची नेहमीची स्थिती आहे. त्या शनिवारी एक शतकाहून जुनी बँक त्या स्थितीत सापडली. तिच्या बाबतीत, कार्ड आणि पिन बरोबर होते म्हणजे व्यवहार तुमचाच, असा युक्तिवाद कोणी गंभीरपणे केला नाही. १४ ऑगस्टला पुण्याच्या चतु:शृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. विशेष तपास पथक नेमले गेले. कोल्हापुरातील एटीएमच्या कॅमेऱ्यांचे चित्रण तपासून सप्टेंबर २०१८ मध्ये भिवंडी आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून पहिल्या अटका झाल्या. हाँगकाँगमध्ये अडविलेल्या रकमेपैकी काही भाग पुढे परत मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले व त्यांपैकी नऊ जणांना चार वर्षांची शिक्षा दिली. ही शिक्षा झालेली माणसे देशातल्या एटीएमवरून पैसे काढणाऱ्या साखळीतली होती. सूत्रधारांचा माग फार दूर गेला; फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उत्तर कोरियाच्या तिघा संगणकतज्ज्ञांवर बँकांवरील हल्ल्यांबद्दल आरोपपत्र जाहीर केले.

हे सारे योग्यच झाले. परंतु एटीएमच्या कॅमेऱ्याचे चित्रण मिळविणे शक्य असते आणि त्यावरून माणूस सापडू शकतो, हे या तपासाने दाखवून दिले. सामान्य तक्रारदाराने तेच चित्रण मागितले की ते बहुधा ‘उपलब्ध नाही’ असते.

खातेदारांची गैरसोय मात्र या घटनेतही टळली नाही. खबरदारी म्हणून बँकेने एटीएम व नेट बँकिंगच्या सेवा काही दिवस बंद ठेवल्या. शनिवार-रविवारची सुट्टी, मध्ये दोन दिवस आणि बुधवारी स्वातंत्र्यदिन, असा तो आठवडा होता. ज्यांचे पगार व निवृत्तिवेतन या एकाच खात्यात होते त्यांना शाखेत जाऊन पैसे काढण्यावाचून मार्ग नव्हता. ९४ कोटींच्या हिशेबात या खेपांचा कोठेही समावेश नाही.

नियम आणि काउंटर

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला आणि ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून पुराव्याचा भार पुन्हा बँकेकडे सोपविला. १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठीही तशाच सूचना निघाल्या. बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच त्रुटी आहे, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकारानुसार ५,०००, १०,००० किंवा २५,००० रुपयांपर्यंत मर्यादित. तक्रार आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावयाची आणि नव्वद दिवसांत निर्णय द्यावयाचा. ग्राहकाचा दोष बँकेने सिद्ध करावयाचा. शहाजोग हुंडीच्या रिवाजाशी याचे नाते उघड आहे. आधी पैसे परत, मग गुन्हेगाराचा शोध.

अंमलबजावणीत मात्र काउंटर आडवा येतो. तीन दिवसांची मुदत संदेश मिळाल्यापासून मोजली जाते. पण मोबाइल क्रमांक बदललेल्या वृद्ध खातेदाराला संदेश मिळतच नाही. तक्रार तोंडी केली तर तिचा क्रमांक मिळत नाही, आणि क्रमांक नसेल तर मुदतीत कळविले हे सिद्ध करता येत नाही. आधी पोलिसांत जा, असे शाखेत सांगितले जाते. बँकेचे पत्र आणा, असे पोलीस ठाण्यात. मधल्या काळात मुदत उलटते. नियमाने बँकेवर टाकलेला भार अशा रीतीने, एकेका कागदाच्या मागणीतून, पुन्हा ग्राहकाच्या खांद्यावर येतो. यात प्रत्येक वेळी कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. शाखेतील कर्मचाऱ्यालाही स्विचमध्ये काय घडले ते दिसत नाही. जुना कारकून निदान नमुना सहीचे कार्ड समोर ठेवून ‘पाहा, जुळते आहे’ असे म्हणू शकत होता. आजच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ‘यशस्वी’ एवढाच शब्द असतो आणि त्यापुढे त्याचेही काही चालत नाही.

लोकपालाकडे दाद मागण्याची सोय १९९५ पासून आहे. परंतु सहकारी बँकांपैकी अनुसूचित बँकाच तिच्या कक्षेत होत्या. १२ नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने ५० कोटी वा अधिक ठेवी असलेल्या बिगर-अनुसूचित नागरी बँकाही त्यात आणल्या. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे घराजवळची बँक म्हणजे बहुधा लहान नागरी बँक, तेथे हा बदल सव्वीस वर्षे उशिरा आला असे म्हणावे लागते.

साधनांचा प्रश्न

या विषयाचा इतिहास लिहिताना एक अडचण सतत जाणवते. बँकेच्या नुकसानीची साधने विपुल आहेत. गुन्ह्याची नोंद, आरोपपत्र, निकालपत्र, वार्षिक अहवाल, परदेशी न्यायालयांचे कागद, हे सर्व तारखांसह मिळते. ग्राहकाच्या बाजूचे साधन म्हणजे साध्या कागदावर लिहिलेला अर्ज, त्यावरचा शाखेचा पोच शिक्का, फार तर जिल्हा ग्राहक आयोगापुढील एखादी तक्रार. पहिल्या दोन गोष्टी संग्रहालयात जात नाहीत. सहकारी बँकांनी आपले दप्तर किती काळ जपावयाचे यासंबंधी १९८५ चे नियम आहेत. त्यांत दस्तऐवजाच्या प्रकारानुसार पाच आणि आठ वर्षांच्या मुदती सांगितल्या आहेत. ऑगस्ट २०१८ पासून मोजल्यास आठ वर्षे ऑगस्ट २०२६ मध्ये पुरी होतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी शाखांकडून, ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडून आणि मुख्यत: घरोघरी पासबुकांमध्ये घडी घालून ठेवलेल्या अर्जांच्या प्रतींमधून हे कागद त्याआधी जमविले, तर पदव्युत्तर वर्गाच्या एका प्रकल्पातही त्यांची सूची तयार होऊ शकेल.